पुण्याजवळची मोबाईल-सेवेची कार्यशाळा: दोन दिवस आणि आमची 112 भजनं

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी कार्यशाळेचं पत्रक हातात दिलं तेव्हा मी आधी तारखा पाहिल्या. शुक्रवार आणि शनिवार. म्हणजे रविवारच्या भक्तीला घरी परत. ख्रिस्ती सेवेसाठीच्या शिबिरांची निम्मी पत्रकं मी याच एका कारणाने बाजूला ठेवते. खेड्यातल्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, रविवारी पेटी वाजवणारं, संडेस्कूल घेणारं आणि हिशेब लिहिणारं माणूस बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते माणूस रविवारी बाहेरगावी राहू शकत नाही. हे ज्यांनी तारखा ठरवताना लक्षात घेतलं, त्यांच्याबद्दल तिथेच बरं वाटलं.

विषय होता मंडळीच्या सेवेत मोबाईलचा उपयोग. फी 1,500 रुपये, त्यात राहणं-जेवण. जागा पुण्याबाहेरचं एक रिट्रीट सेंटर. मी राहुरी तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. आमची मंडळी 64 कुटुंबांची आहे आणि गेली नऊ वर्षं सेक्रेटरीचं काम माझ्याकडे आहे. मी तिथे एकाच कामासाठी गेले, ते काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे माझं मत कुठून आलं ते कळेल.

मार्च 2020 मध्ये देऊळ बंद झालं. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. राज्यातली प्रार्थनास्थळं पहिल्यांदा उघडली ती 16 नोव्हेंबर 2020 ला. मधले आठ महिने पाळकसाहेब आठ-दहा मिनिटांचा संदेश रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर टाकत. ज्यांच्या घरात मोठा फोन होता त्यांना तो मिळाला. ज्यांच्याकडे बटणाचा फोन होता त्यांना काहीच मिळालं नाही. अशी घरं आमच्यात तेव्हा 23 होती, आणि त्यांतली बहुतेक म्हाताऱ्या एकट्या बायांची. मी त्यांना फोन करून प्रार्थना करायचे. एकीने विचारलं, "बाई, भजन नाही का म्हणत कोणी आता?" तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

आणि भजनं तर होती. 2004 साली आमच्या मंडळीने स्वतःचं भजनपुस्तक छापलं होतं: 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली नेहमीची काही, आणि बाकीची आमच्याच भागातल्या जुन्या उपदेशकांनी आणि कीर्तनकारांनी रचलेली. एकूण 112. प्रती 300 काढल्या होत्या, आता धड अशा वीसेक उरल्या असतील. नगरच्या छापखान्याने पेजमेकर या जुन्या छपाईच्या सॉफ्टवेअरमधली फाइल जपून ठेवली होती आणि मागितल्यावर पेनड्राइव्हवर दिलीही. पण ती जुन्या डीटीपी फॉन्टमधली. फोनवर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसायचा. तो पेनड्राइव्ह पर्समध्ये घालून मी पहाटे पाचच्या एसटीत बसले.

उद्घाटनाची भाषणं सोडते. पहिलं खरं सत्र एका निवृत्त सेमिनरी शिक्षकांचं होतं, 40 मिनिटांचं, आणि त्यांनी मोबाईलचं नावसुद्धा शेवटच्या पाच मिनिटांत घेतलं. 1616 साली थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्रींचं ख्रिस्तपुराण गोव्यात, राचोलला छापलं गेलं. सुमारे 11 हजार मराठी ओव्या, पण देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते म्हणून रोमी अक्षरांत. नगरहून 1842 मध्ये ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. तिथल्या बायका-मुली खिळे जुळवायला आणि छपाई करायला शिकल्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल 1924 साली छापून बाहेर पडलं. सर एवढंच म्हणाले की प्रत्येक वेळी कोणाला तरी अक्षरांशी झगडावं लागलं आहे, आणि आज दुपारी तुम्हीही झगडणार आहात.

मला ते शब्दशः लागू पडलं. आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर मुलं आजही भजनं इंग्रजी अक्षरांत टाकतात. मोठ्या अक्षरात, जोडाक्षरं तोडून. ज्या बायका मराठी चौथी शिकल्या आहेत त्यांना ती वाचता येत नाहीत. राचोलला नाइलाज होता. आपल्या फोनमध्ये मराठी कीबोर्ड आहे.

त्यानंतरचं सत्र हक्कांबद्दलचं, आणि माझ्या मते प्रत्येक मंडळीच्या कमिटीने ते ऐकायला हवं. आपण सगळे धरून चालतो की देवाचं वचन आहे, भजन आहे, त्याला कसली परवानगी. पण भाषांतर हे कोणाचं तरी काम असतं. बायबल सोसायटीच्या पवित्र शास्त्राचा मजकूर घेऊन आपलं ॲप काढायचं तर सोसायटीची परवानगी लागते. 'इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन' नावाचं मराठी भाषांतर मात्र क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळं आहे: नाव द्यायचं, आणि आपण त्यात केलेले बदलही त्याच अटीवर इतरांना मोकळे ठेवायचे. भजनांचंही तसंच. भारतात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये गेले, त्यांची पदं आपण निर्धास्त घेऊ शकतो. पण 1980-85 साली वारलेल्या कीर्तनकाराच्या मुला-नातवंडांना विचारायला हवं. माझ्या यादीतल्या 31 भजनांपुढे मी तिथेच पेन्सिलने खूण केली. आमच्या मामंजींची 9 त्यातच होती. तीसुद्धा मी घरी येऊन चारही दिरांना फोन करून विचारूनच घेतली.

आता दुपारचं सत्र. याच्यासाठीच मी दीडशे किलोमीटर आले होते.

स्क्रिप्चर ॲप बिल्डर हे एसआयएल या भाषांवर काम करणाऱ्या संस्थेचं मोफत साधन आहे. कोडिंग यावं लागत नाही. मजकूर द्यायचा, आवाजाच्या फाइली जोडायच्या, रंग-अक्षर निवडायचं, आणि अँड्रॉइडचं ॲप तयार होतं. नाव शास्त्राचं असलं तरी भजनपुस्तकाचा प्रकारही त्यात आहे. नंबरवरून भजन शोधता येतं. आवाज जोडून ओळींच्या वेळा जुळवल्या की गाणं चालू असताना ती-ती ओळ रंगीत होत जाते. कमी वाचता येणाऱ्या माणसासाठी ही सोय फार मोलाची आहे, बोट ठेवून वाचल्यासारखं होतं.

आयोजकांची मोठी चूक इथेच झाली. या साधनासोबत अँड्रॉइडची बरीच जड सामग्री लॅपटॉपवर उतरवून घ्यावी लागते. ती आधी उतरवून या असं पत्रकात कुठेही नव्हतं. तीस लॅपटॉप एकाच वाय-फायवर बसले आणि पहिला दीड तास पडद्यावर टक्क्यांचे आकडे बघण्यात गेला. सोलापूरच्या एका मुलाने त्याच्याकडची सगळी सामग्री पेनड्राइव्हवर घालून रांगेने प्रत्येकाला दिली, म्हणून काम सुरू झालं. पुढच्या वेळी हे आयोजकांनी आधी कळवायलाच हवं. दोन दिवसांतला दीड तास गावाकडच्या माणसाला परवडत नाही. रजा टाकून, शेतावर माणूस लावून लोक आलेले असतात.

मग जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, बदल. साधनात मजकूर टाकला की क्षणात मराठी दिसायला लागतं आणि डोळ्यांत पाणी येतं. मग वाचायला घेतलं की कळतं काय झालंय ते. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. साधी अक्षरं नीट बदलतात, जोडाक्षर आलं की वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. आमच्या पहिल्याच भजनात 'ख्रिस्त' चा 'ख्रस्ति' झाला होता. रफाराचं त्याहून वाईट: 'प्रार्थना' ची सगळीकडे 'प्राथर्ना'. 'दुसऱ्या' चं 'दुसर्या', 'साऱ्यांचा' चं 'सार्यांचा'. शिकवणारे दादा फार शांत होते. त्यांनी सांगितलं, एकेक चूक सुधारत बसू नका, चुकांची यादी करा. एकच चूक पुस्तकभर त्याच पद्धतीने होते, म्हणून 'शोधा आणि बदला' वापरलं की एका फटक्यात शंभर जागा सुधारतात. माझ्या वहीत संध्याकाळपर्यंत 43 चुकांचे प्रकार झाले. 36 वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत, ते काम मला नवीन नव्हतं.

रात्री जेवणाच्या आधी सात वाजता माझ्या फोनवर 12 भजनांचं ॲप उघडलं. मराठीत. शेजारी बसलेल्या जालन्याच्या ताईंनी माझा हात धरला आणि आम्ही दोघींनी पहिलं भजन तिथेच म्हटलं.

जेवण चांगलं होतं: ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा, दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे. बायकांची खोली सहा खाटांची, गरम पाणी साडेसहापर्यंत. 70 माणसांत आम्ही 14 बायका. एवढ्या कमी असायला नको होत्या. मंडळीतले व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, पण पत्रक येतं ते पाळकांच्या नावाने.

शुक्रवारी रात्री स्टॉल होते. एका कंपनीने मंडळीची सगळी माहिती ठेवणारं ॲप मांडलं होतं: कुटुंबं, बाप्तिस्म्याच्या नोंदी, दान, आजारी माणसांसाठीच्या विनंत्या. वर्षाला काही हजार रुपये. मी विचारलं, ही माहिती कुठे साठवली जाते, आणि आम्ही पैसे भरणं थांबवलं तर आमच्या नोंदी आम्हाला परत मिळतात का? दोनदा विचारलं, उत्तर मिळालं नाही. मी सही केली नाही आणि बाकीच्यांनीही लेखी उत्तर मिळेपर्यंत करू नये असं मला मनापासून वाटतं. प्रार्थनेच्या विनंतीत माणूस काय-काय सांगतो! कोणाचा नवरा पितो, कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं. ते कागदावरसुद्धा आम्ही फाडून टाकतो.

शनिवारी सकाळी याच विषयावर सत्र होतं आणि ते उत्तम झालं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे मूल म्हणजे 18 वर्षांखालचं माणूस, आणि त्याच्या माहितीसाठी आई-वडिलांची संमती लागते. वक्त्या पेशाने वकील होत्या. त्यांनी कायदा दोन मिनिटांत सांगितला आणि मग विचारलं, नाताळच्या कार्यक्रमाचे मुलांचे फोटो कोण-कोण नावासकट फेसबुकवर टाकतं? जवळजवळ सगळे हात वर गेले. माझाही. आल्यावर पहिलं काम मी ते केलं, जुने फोटो काढून टाकले आणि संडेस्कूलच्या प्रवेशफॉर्मवर संमतीची ओळ घातली. बाप्तिस्म्याचे, आजारपणातल्या भेटींचे फोटो विचारल्याशिवाय काढायचेच नाहीत, हेही आता कमिटीत ठरलं आहे.

एक गोष्ट मात्र राहिली. आपण केलेलं ॲप प्ले स्टोअरवर ठेवायला एकदाच 25 डॉलर भरून खातं काढावं लागतं. बहुतेकांनी ते न करता एपीके, म्हणजे ॲप थेट फोनवर बसवायची फाइल, ब्लूटूथने किंवा व्हॉट्सॲपने वाटायची असं ठरवलं. सोपं आहे, पण त्यासाठी फोनमध्ये अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायची परवानगी द्यावी लागते. लग्नपत्रिकेच्या नावाने अशाच एपीके पाठवून लोकांची बँकखाती रिकामी केल्याच्या बातम्या आपण वाचतो. आपल्याच हाताने आपण आपल्या लोकांना ती सवय लावायची का? मी हा प्रश्न मांडला तेव्हा वेळ संपली होती. याला अर्धा तास द्यायला हवा होता. आम्ही खातं काढलं. चार कुटुंबांनी मिळून पैसे दिले.

थेट प्रक्षेपणावरचं सत्र आमच्या उपयोगाचं नव्हतं. तीन कॅमेरे, मिक्सर, वेगळी इंटरनेट लाइन. शहरातल्या मोठ्या मंडळींना लागत असेल. आणि त्याच्या सगळ्या स्लाइड इंग्रजीत होत्या. मागच्या दोन रांगांतले लोक वहीत काहीच लिहीत नव्हते. मराठी मंडळींसाठी बोलावलेल्या कार्यशाळेत हे चालायला नको, मी अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये तसं स्पष्ट लिहिलं आहे.

शेवटचं सत्र ध्वनिमुद्रणाचं, आणि तिथे मला माझ्या 23 घरांचं उत्तर मिळालं. शिकवणारे भाऊ स्वतः खेडोपाडी फिरून लोकांचा आवाज टिपतात. महागडा माइक नको, म्हणाले, आधी खोली शोधा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. गाद्या-गोधड्या रचलेली लहान खोली घ्या, दोन गोधड्या दोरीवर मागे टांगा, पंखा बंद करा, फोन विमानमोडवर ठेवा आणि तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरा म्हणजे 'प' आणि 'भ' चा फटका बसत नाही. बोलणं आणि साधं गाणं यासाठी मोनो, म्हणजे एकपदरी आवाज, आणि 64 केबीपीएस इतका दर्जा पुरतो, तासाला साधारण 29 एमबी. मी तिथेच हिशेब केला: 112 भजनं, सरासरी चार मिनिटांची, म्हणजे साडेसात तास, म्हणजे 215 एमबीच्या आसपास. सगळ्यात लहान मेमरी कार्डावरही मावतील.

आणि एक बारीक गोष्ट सांगितली, जी कुठल्याच पुस्तकात मिळाली नसती. बटणाच्या फोनवर फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर पुष्कळदा नुसते चौकोन दिसतात. म्हणून नावं आकड्यांत ठेवा, आणि 1, 2, 3 नको, 001, 002, 003 असे ठेवा. नाहीतर फोन 1 नंतर 10 वाजवतो. आमच्या बायांना भजनांचे नंबर पाठ आहेत. पुस्तकातला नंबर, फाइलचा नंबर आणि ॲपमधला नंबर एकच ठेवायचा, हे मी तिथेच ठरवलं.

यूव्हर्जनचं बायबल ॲप 2008 पासून आहे, त्यात मराठी शास्त्र आहे, आणि तिथे आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या फोनमध्ये ते होतंच. वाचण्यासाठी ते उत्तम आहे, मीही रोज वापरते. पण आमच्या मामंजींची भजनं त्यात कोण घालणार? ते आम्हीच करायला हवं होतं, आणि कसं करायचं ते या दोन दिवसांत कळलं. म्हणून इंग्रजी स्लाइड आणि वाय-फायचा दीड तास धरूनही मी ही कार्यशाळा चांगली म्हणेन. पण हातात काम घेऊन जाणाऱ्यांसाठीच. नुसतं ऐकायला गेलात तर दोन जेवणं आणि एक फाइल-फोल्डर घेऊन परत याल. तुमच्या मंडळीचं काय अडलंय ते एका ओळीत लिहून न्या, लॅपटॉप न्या, सामग्री घरूनच उतरवून न्या, आणि सोबत एक तरुण न्या. मी एकटी गेले, आल्यावर सगळं पुन्हा मुलांना शिकवण्यात तीन आठवडे गेले.

पुढची कार्यशाळा पावसाळ्यानंतर आहे असं कळलं. तरुण संघातल्या दोघांची फी मंडळी भरणार आहे, त्यातली एक मुलगी आहे.

ध्वनिमुद्रण आम्ही मिशन कंपाउंडमधल्या जुन्या कोठीच्या खोलीत केलं, गोधड्या टांगून. आतापर्यंत 68 भजनं झाली. पहिलं कार्ड आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या फोनमध्ये घातलं. वय 81, शाळेची पायरी चढल्या नाहीत. दोन दिवस त्या फोन कानाशी धरून ओट्यावर बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळीच घरी आल्या.

"बाई, अठ्ठेचाळीसावं अपुरं आहे."

मी पुस्तक काढून दाखवलं, तीनच कडवी आहेत म्हटलं. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलंही नाही. डोळे मिटले आणि चौथं कडवं म्हटलं, चालीसकट. मामंजींनी ते 1972 च्या दुष्काळात, खडीच्या कामावर असताना जोडलं होतं, म्हणाल्या. आम्ही 2004 मध्ये पुस्तक केलं तेव्हा आत्याबाईंना कोणी विचारलंच नव्हतं.

त्यांना तशीच कोठीच्या खोलीत नेली, पंखा बंद केला, फोन वीतभर लांब धरला. ते कडवं आता ॲपमध्ये 48 नंबरला आहे, त्यांच्याच आवाजात. उरलेल्या 111 भजनांसाठी त्या रोज दुपारी तीन वाजता येतात.